बर्फावरचं इंजिन

आमच्या डायनिंग टेबलाची काच मधोमध धुरकट आहे. घरी पहिल्यांदा जेवायला आलेला माणूस हमखास तिथे बोट फिरवतो, मग रुमालाने पुसतो, मग नखाने खरवडून बघतो. मी म्हणते, "राहू द्या हो, ते निघायचं नाही. तिथे एक इंजिन घासलंय आम्ही." लोक हसतात. म्हातारी बाई आहे, बोलते काहीतरी, असं त्यांच्या तोंडावर दिसतं. मी पण जास्त सांगत बसत नाही, वरण वाढते. ती काच कतारहून नाशिकला दोन गोधड्यांत गुंडाळून आली. टेबलाचे पाय वाटेत मोडले, काच तेवढी शाबूत राहिली. पाय नवे लावून घेतले, काच तीच ठेवली. नातवंडं म्हणतात, "आजी, नवीन घे ना, किती कळकट दिसते ही." मी म्हणते, "माझ्यामागे घ्या."

आम्ही दुखानला राहायचो. कतारच्या नकाशात डाव्या हाताला समुद्राला लागून जो काठ आहे, तिथे. तेलाची जुनी वसाहत, कंपनीचे बैठे बंगले, प्रत्येकाला पुढे हातभर बाग आणि मागे पत्र्याची शेड. दोह्याची मंडळी सुट्टीला आमच्याकडे आली की "कसे राहता बाई इथे, काहीच नाही इथे," म्हणायची आणि जाताना आईच्या हातची शेंगदाण्याची चटणी बरणी भरून न्यायची. आवाज मात्र भरपूर होते. एसीची घरघर चोवीस तास, इतकी की वीज गेली की सगळे दचकून उठायचे. पलीकडे गॅस जळायचा, त्याचा वारा पडला की ऐकू येणारा घुमारा. बाबा कंपनीत कंप्रेसर आणि टर्बाइनचे इंजिनिअर. ते जेवता जेवता कान टवकारून "आज तिसऱ्या नंबरचं मशीन बरं नाहीये" असं सांगायचे, आणि आई म्हणायची, "माझं डोकं पण बरं नाहीये, त्याचं निदान करा की." आई नाशिकची, पंचवटीत वाढलेली, जिभेला धार. मी आणि दादा शाळेत इंग्रजी, मैदानावर हिंदी आणि कधी अरबीत चला चला म्हणून "यल्ला, यल्ला" करणारी मुलं. पण घरात इंग्रजीत उत्तर दिलं की आई भाकरी तव्यावरच धरून ठेवायची. "मराठीत माग, मग मिळेल." भुकेपोटी आमचं मराठी शाबूत राहिलं, हे अगदी खरं आहे.

दादा म्हणजे निखिल. आई त्याला निख्या म्हणायची. माझ्याहून बराच मोठा, पुण्यात इंजिनिअरिंग करून परत कतारलाच आला, कारण तेव्हा, म्हणजे पन्नासेक वर्षांपूर्वी, बावीस सालच्या फुटबॉल वर्ल्ड कपची कामं निघाली होती आणि दोह्यात जिकडे बघावं तिकडे क्रेन उभ्या होत्या. एका स्टेडियमच्या साइटवर तो लागला. दोह्यातल्याच अल अझीझिया भागात मित्रांबरोबर फ्लॅट घेऊन राहायचा आणि गुरुवारी संध्याकाळी घरी यायचा. आपल्याकडे गुरुवार म्हणजे दत्ताचा वार. तिकडे गुरुवार म्हणजे आठवड्याची सुट्टी सुरू व्हायची संध्याकाळ. आईचा गुरुवारचा उपास असायचा. ती तो एकटीने कधी सोडायची नाही. निख्या येणार, मग तवा चढणार, मग गरम भाकरी, तिच्या काळ्या मसाल्याची मटकीची उसळ आणि ठेचा. त्या मसाल्याच्या मिरच्या ती दोह्याच्या जुन्या बाजारात, सूक वाकिफमध्ये जाऊन स्वतः निवडायची आणि दुकानदाराला हिंदीत सुनवायची की ह्या मिरच्या नुसत्या लाल आहेत, रागीट नाहीत.

दादा आला की आधी घरात यायचा नाही. गाडी लावून सरळ मागच्या शेडमध्ये. तिथे त्याची बग्गी होती. बग्गी म्हणजे नुसता पाइपांचा सांगाडा, चार जाड चाकं, एक सीट आणि मागे इंजिन. शेजारी एक कॅनडाचे म्हातारे इंजिनिअर राहायचे, त्यांनी ती नातवासाठी करायला घेतली होती. इंजिन त्यांनी तिकडूनच आणलेलं, बर्फावर पळणाऱ्या स्नोमोबाइलचं, तेही सगळ्यात लहान. म्हाताऱ्यांचा करार संपला, नातू आलाच नाही, जाताना ते दादाला म्हणाले, घेऊन टाक. तर त्या बग्गीला दादाने नाशिकच्या भंगारबाजारातून आणलेला जुन्या रिक्षाचा रबरी हॉर्न बसवला होता. गोळा दाबला की पॉंक करणारा. आम्ही त्याला पोंपों म्हणायचो. दादा शेडमध्ये शिरला की पहिल्यांदा पोंपों दाबायचा, आणि स्वयंपाकघरात आई म्हणायची, "आला गं. तवा ठेव."

दोह्याच्या दक्षिणेला, समुद्रापासून आत, वाळूच्या मोठ्या टेकड्या आहेत. त्यातल्या काही गातात. ही माझी कल्पना नाही, कुणीही जाऊन ऐकावं. हवा कोरडी असली आणि उभ्या अंगाची वाळू घसरायला लागली की आतून घूं असा आवाज येतो, पायाखाली थरथरतं. शुक्रवारी दादाची मित्रमंडळी तिथे जायची, मोठमोठ्या इंजिनांच्या गाड्या घेऊन. सगळ्यात उंच टेकडीच्या उभ्या अंगावरून ते भर्रकन वर जायचे. दादाची बग्गी अर्ध्यावर जाऊन धापा टाकायची आणि मागे यायची. पोरं तिला शिलाई मशीन म्हणायची. एकदा आई पण आली होती. खाली चटई टाकून बसली. दादा अर्ध्यावरून घसरत खाली आला आणि ती सगळी वाळू अशी काही घुमायला लागली की आई पोट धरून हसली. "अरे गिरणी सुरू झाली रे! दळण आणायचं राहिलं!" दादा वाळूने माखलेला, तो पण हसतोय आणि हट्टाने सांगतोय, "आई, मोठं इंजिन मी घेणार नाही. ह्याच इंजिनाने वर जाणार आणि वरून तुला पोंपों वाजवून दाखवणार. बघच तू." आई म्हणाली, "वाजव. ज्या दिवशी वाजवशील त्या दिवशी इथेच जेवू."

तो वाजवू शकला नाही. त्या वर्षी दोह्याहून आमच्याकडे येणाऱ्या रस्त्यालाही खणाखणी लागली होती, आज असलेलं वळण पुढच्या आठवड्यात नसायचं. एका गुरुवारी धुळीचं वादळ होतं. डायव्हर्जनचे बोर्ड होते, दिवे होते, सगळं होतं. धुळीत दादाला काही दिसलं नाही. कुणाला दोष द्यायची सोय नव्हती आणि आईला तेच सहन होत नव्हतं. ती नंतर कितीदा तरी म्हणाली, "कुणीतरी चुकलं असतं तर बरं झालं असतं." त्या संध्याकाळी मटकीची उसळ झाली होती. उपास तसाच राहिला. त्या दिवसाबद्दल मी याहून जास्त लिहिणार नाही.

नाशिकला त्याचं सगळं करून आम्ही परत आलो, त्या पहिल्याच गुरुवारी संध्याकाळी आईने तवा ठेवला. मला वाटलं सवयीने ठेवला. मी गॅस बंद करायला गेले तर म्हणाली, "राहू दे. वाजला ना आत्ता." मी म्हटलं, "काय वाजलं, आई?" ती माझ्याकडे अशी बघत राहिली, जशी काही मीच बहिरी झाले आहे. बाबांनी शेडचं दार उघडून बघितलं. बग्गी धूळ खात उभी, हॉर्न जागच्या जागी. मग हे दर गुरुवारी सुरू झालं. बाकी सहा दिवस आई चांगली असायची. शेजारणींशी बोलायची, वाद घालायची, माझ्या केसांना तेल लावताना ओढायची. गुरुवारी दुपार कलली की तिचा एक कान मागच्या बाजूला लागायचा, बोलता बोलता वाक्य सोडून द्यायची. मी तेव्हा बारावी होऊन घरी बसले होते. पुण्याला कॉलेजात जायचं ठरलेलं होतं आणि मी गेले नव्हते. आईला असं टाकून कसं जाणार? खरं सांगते, मला भीतीही वाटायची. गुरुवारी संध्याकाळी मी टीव्ही मोठ्याने लावायची. आईला ऐकू येतं म्हणून नाही. एखादे दिवशी मलाही ऐकू आलं तर काय करू, म्हणून.

त्यातच बाबांच्या निवृत्तीची वेळ आली. नोकरी संपली की घर सोडायचं आणि देशही सोडायचा, हा तिकडचा सरळ हिशेब. नाशिकला फ्लॅट बांधून तयार होता, बाबांची सगळी पुंजी त्यात गेलेली. बाबांनी जेवताना विषय काढला. "पुढच्या उन्हाळ्याच्या आत निघावं लागेल. खोकी मागवतो."

आई म्हणाली, "तुम्ही दोघं जा."

"आणि तू?"

"तो गुरुवारी येतो. घर बंद दिसलं तर कुठे जाईल पोरगं?"

बाबा माणूस शांत. त्यांनी समजावलं, मग आवाज चढवला, मग ताटावरून उठले. हात धुऊन परत आले आणि अगदी हळू विचारलं, "काय केलं म्हणजे तू येशील, ते तरी सांग. मी करतो."

आई भाताची शितं गोळा करत राहिली. मग म्हणाली, "त्याचं इंजिन वर चढवा. तो म्हणाला होता ना वरून वाजवीन म्हणून. वाजलं की येते मी."

"अगं, ते इंजिन फार लहान आहे. त्या टेकडीला निदान दुप्पट—"

"मोठं नको. त्याचंच पाहिजे."

एवढ्यावर आमचं बिऱ्हाड अडून राहिलं. बाबा दुसऱ्या दिवशी शेडमध्ये गेले. दादा गेल्यानंतर ते तिथे उभेसुद्धा राहत नव्हते. त्यांनी मला हाक मारली, "मृणाल, जरा बॅटरी धर गं." मी धरली आणि मग पुढे काही महिने आम्ही दोघं त्या इंजिनाच्या मागे लागलो. नवीन भाग परदेशातून मागवायची ऐपत नव्हती, निवृत्तीच्या तोंडावर कुणाची असते? बाबा म्हणाले, आहे त्यातूनच काढायचं. तरुणपणी त्यांनी पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून पळणारी स्कूटर चालवली होती, हे इंजिन त्याच जातीचं. त्यांनी ते उघडलं आणि आत जमलेला काळा थर लाकडाच्या चमच्याने खरवडला. आईचाच चमचा. धुराच्या आणि हवेच्या वाटा आम्ही बारीक कानशीने आणि पॉलिश पेपरने गुळगुळीत केल्या. बाबा सारखे बजावायचे, "घास, पण लोभ करू नकोस. एकदा गेलेलं लोखंड परत येत नाही." बग्गीवरचं नको ते सगळं काढून टाकलं. सीटचा फोम गेला, पुढची जाळी गेली. "ताकद वाढवायचा सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे वजन कमी करणं," बाबा म्हणाले आणि माझ्याकडे बघितलं. मी तेव्हा काडी होते. चालवणार कोण, हे असं ठरलं.

मग हेड. इंजिनाचं डोकं. ते खालून थोडं घासलं की आतली जागा लहान होते, दाब वाढतो आणि तेवढ्याच पेट्रोलमधून धक्का मोठा मिळतो. वर्कशॉपला मशीनवर पाच मिनिटांचं काम, पण बाबांना कंपनीच्या वर्कशॉपमध्ये घरचं काम न्यायचं नव्हतं, ते त्या बाबतीत फार कडक. सपाट जागा पाहिजे होती, अगदी सपाट. घरात तशी एकच होती, आईच्या टेबलाची काच. आम्ही तिला विचारायला गेलो तर आईने टेबलक्लॉथ ओढून काढला. काचेवर पॉलिश पेपर चिकटवला, वर थेंबभर तेल, आणि हेड उलटं धरून इंग्रजी आठाचा आकडा काढत घासायचं. मी दमले की बाबा, बाबा दमले की आई. हो, आई. पदर खोचून, ओठ घट्ट मिटून, पुरण वाटावं तशी ती घासायची, आणि कागद फाटला तरी तिला भान नसायचं. काचेवरचा तो धुरकट डाग तिच्या हातचा आहे.

बाबांनी शाळेतल्या प्रोजेक्टसारखे चार्ट पेपरचे शंकू कापले, त्याच मापाचे पत्रे कापून शेजारच्या मॅथ्यू अंकलनी वेल्डिंग केलं आणि नवा पोटफुगा सायलेन्सर तयार झाला. मॅथ्यू अंकल केरळचे, दादाला लहानपणापासून बघितलेले. "भाभीजी का ऑर्डर है तो करना पड़ेगा," एवढंच म्हणाले. क्लचमधली वजनं घासून हलकी केली, म्हणजे इंजिन दमायच्या आधी सगळं बळ चाकाला पोचेल. आणि शेवटी कार्बोरेटरचं जेट. जेट म्हणजे पितळेचा एवढासा खिळा, मधून केसाएवढं भोक. त्यातून पेट्रोल जातं. ते इंजिन बर्फासाठी केलेलं, तिथली हवा गार आणि घट्ट, म्हणून भोक मोठं. आमच्या उन्हात हवा पातळ, पेट्रोल जास्त व्हायचं आणि इंजिन ठसकायचं. बाबांनी एकेक लहान जेट लावून बघितलं. बग्गी वसाहतीबाहेरच्या माळावर पळवायची, एकदम बंद करायची आणि प्लग काढून त्याचं टोक बघायचं. काळं असलं तर पेट्रोल जास्त, पांढरं असलं तर कमी. "चहासारखं आलं पाहिजे," बाबा म्हणाले. ते आईने ऐकलं. त्यानंतर प्लग तपासायचं काम तिचं. आम्ही घामाघूम होऊन यायचो आणि ती चष्मा लावून प्लग खिडकीशी धरायची. "छे! हा कोरा चहा." "हा कॅन्टीनचा, पाणचट." आणि एका भाजून काढणाऱ्या दुपारी तिने प्लग फिरवून फिरवून बघितला आणि म्हणाली, "हा माझा."

त्या दिवसांत आमच्या घरात पुन्हा हसू यायला लागलं होतं, हे मला सांगितलंच पाहिजे. इंजिन आता वेगळ्याच आवाजात ओरडायचं, आणि मी माळावर पाय दाबला की मान मागे जायची. बाबा तोंडातल्या तोंडात म्हणायचे, "निख्या, बघ रे." पण गुरुवार आला की आईचा कान पुन्हा मागे लागायचा, आणि शेडमधून मीच बाहेर येत असले तरी ती माझ्या मागे कुणी आहे का ते बघायची. मलाही सवय लागली होती. मीही वळून बघायची.

दिवस आईने निवडला. गुरुवारच पाहिजे आणि वाळू गाणारी पाहिजे, या तिच्या दोन अटी. वाळू गाते ती कोरड्या हवेत. म्हणून आम्ही दमट महिने जाऊ दिले आणि ऐन हिवाळ्यात, उत्तरेचा वारा दोन दिवस सतत वाहून सगळं खडखडीत झाल्यावर निघालो. मॅथ्यू अंकलनी गाडीमागे ट्रेलर जोडला, वर बग्गी. सकाळी इतकी थंडी होती की आईने साडीवर बाबांचं जॅकेट घातलं होतं. तिच्या मांडीवर डबा. दोह्याला वळसा घालून जाताना क्रेनच क्रेन दिसत होत्या. दादाचं स्टेडियम त्यांतलं कुठलं, हे आईने विचारलं नाही, आम्ही दाखवलं नाही. टेकडीखाली पोचलो तेव्हा दुसरं कुणी नव्हतं. माझे दात वाजत होते. बाबा खूश होते, हात चोळत म्हणाले, "काय सुरेख हवा आहे! इंजिन तापायची चिंताच नाही."

आजही हे वाक्य आठवलं की मी डोळे मिटते. अहो, ज्या माणसाने आयुष्यभर टर्बाइन सांभाळली, थंडीत हवा घट्ट होते हे रोज कागदावर लिहिलं, तो हे विसरला. आम्ही सगळेच विसरलो. गल्फमध्ये राहिलेल्या माणसाला धास्ती असते ती उन्हाची. गाडी, गच्ची, दूध, पोर, जे काही बिघडेल ते उन्हाने बिघडेल. गारवा वाईट करतो हे आमच्या कुणाच्या स्वप्नातसुद्धा नव्हतं. ते जेट आम्ही भर उन्हाळ्यात, पातळ हवेत बसवलं होतं. त्या सकाळी तेच बारीक भोक, तेवढंच पेट्रोल, आणि हवा कितीतरी घट्ट. बर्फासाठी जन्मलेलं इंजिन त्याच्या ओळखीच्या गारव्यात आलं, आणि आम्ही त्याला उपाशी ठेवून वर चढायला सांगितलं.

मी हेल्मेट घातलं. आई जवळ आली, पट्टा तिनेच ओढून बघितला, आणि म्हणाली, "घाई करू नको. तो नेहमी घाई करायचा." मग मी निघाले. सुरुवातीला असं पळालं इंजिन की मी ओरडलेच आनंदाने. तशी ताकद माळावर कधी लागली नव्हती. आता कळतं, पेट्रोल कमी पडायला लागलेलं इंजिन मरायच्या आधी क्षणभर असंच सुरेख पळतं. दादा जिथे अडायचा ती जागा मागे गेली. आभाळ समोर आलं. टेकडीची धार, वाऱ्याने धूर निघावा तशी वाळू उडणारी, अगदी चार हातांवर. आणि मागे एक किंकाळी, लोखंडाची. पिस्टन चिकटला. चाकं थांबली. बग्गी थोडी मागे सरकली, रुतली आणि तशीच टेकून राहिली.

मी दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून बसले. इंजिन बंद पडलं होतं. आणि आवाज चालू होता.

तोच आवाज. इंजिनाच्याच पट्टीतला, दादा घरी येऊन बग्गी सुरू करायचा तेव्हा शेडमधून यायचा तसा. सीटखालून, माझ्या पाठीतून, दातांतून येत होता. मी वळून इंजिनावर हात ठेवला, तो भाजला, पण इंजिन मेलेलं होतं. माझ्या चाकांखालून वाळू सुटली होती आणि टेकडीचं अख्खं अंग घुमत होतं. हे मला ठाऊक होतं, नीट ठाऊक होतं, आणि तरी माझ्या अंगावर काटा आला तो आजतागायत गेलेला नाही. मी म्हटलं, "दादा?" मोठ्याने म्हटलं. उत्तर आलं असं मी म्हणत नाही. पण आवाज थांबला नाही, हेही खरं.

खाली बाबा दोन्ही हात डोक्यावर ठेवून उभे होते. त्यांना वाटत होतं मी अजून इंजिन दामटतेय. हातवारे करत होते, बंद कर, बंद कर. आईने चपला काढल्या. डबा काखेत मारला आणि ती चढायला लागली. तेवढ्या उभ्या अंगावर, साडी गुडघ्यापर्यंत खोचून, चार पायांवर. एक पाऊल वर टाकलं की अर्धं खाली यायचं, आणि प्रत्येक पावलाला वाळू सुटायची आणि घुमारा वाढायचा. "आई, येऊ नको! पडशील!" मी ओरडत होते. तिला ऐकू येणं शक्यच नव्हतं. ती थांबायची, तळहात वाळूवर टेकवायची, आणि पुन्हा चढायची.

ती माझ्याजवळ पोचली तेव्हा तिचा चेहरा लालबुंद झाला होता, श्वास लागला होता. तिने इंजिनाकडे बघितलं, माझ्या भाजलेल्या हाताकडे बघितलं. मी रडत म्हटलं, "राहिलं गं आई. एवढंसंच राहिलं." तिने माझ्या पुढ्यातून हात घातला, पोंपोंचा स्क्रू हातानेच पिरगाळून काढला आणि ती तशीच धारेवर गेली. वाऱ्यात उभं राहायला तिला जमेना, म्हणून मांडी घालून बसली. आणि दाबला. पॉंक. थांबली. पुन्हा दाबला. टेकडी आता हळूहळू शांत होत होती. खाली बाबा, जे दादाला अग्नी देतानाही रडले नव्हते, ते मॅथ्यू अंकलच्या खांद्यावर डोकं ठेवून हुंदके देत होते.

मी वर जाऊन तिच्या शेजारी बसले. ती काहीतरी पुटपुटत होती, तोंड दक्षिणेकडे, जिकडे नुसती वाळूच वाळू होती. तिचं झाल्यावर मी विचारलं, "काय बोललीस?"

"सांगितलं त्याला."

"काय सांगितलं?"

"गुरुवारी घर बंद असेल म्हणून."

मग तिने डबा उघडला. सूर्य डोक्यावर पण आला नव्हता, आणि तिने भाकरीचा तुकडा मोडून स्वतःच्या तोंडात घातला. दादा गेल्यापासून गुरुवारी तिने कुणाची वाट न बघता खाल्लेला तो पहिला घास. भाकरीत वाळू होती, कचकचत होती. "खा," ती म्हणाली. मी खाल्ली. बाबाही कसेबसे वर आले, त्यांनाही दिली.

घरी गेल्यावर बाबांनी इंजिन उघडलं. पिस्टनवर ओरखडेच ओरखडे, आणि प्लगचं टोक पांढरंफटक. ते बघताक्षणी त्यांच्या ध्यानात आलं, कपाळावर हात मारून घेतला. "एक नंबर मोठं जेट घातलं असतं तर—" आई म्हणाली, "खलास. झालं ते झालं. खोकी कधी येणार?" बग्गी मॅथ्यू अंकलकडे राहिली. आम्ही काच आणि पोंपों घेऊन आलो. मी पुण्याला कॉलेजात गेले. आई त्यानंतर वीस-बावीस वर्षं जगली, चांगली जगली, भांडली, हसली, नातवंडांवर ओरडली. गुरुवारचा उपास तिने कायम ठेवला, पण ती तो दिवे लागायच्या आधी सोडायची आणि कान कुठेही लावायची नाही.

तो कान आता मला लागलाय. पोंपोंचं रबर कधीच कडक होऊन फाटलं, दाबलं तर नुसती हवा जाते. तरी गुरुवारी दुपार कलली की मी ह्या धुरकट काचेवर ताटं मांडते, तवा ठेवते, आणि तो तापेपर्यंत हातातलं काम थांबतं. आई त्या टेकडीवर बराच वेळ बोलत होती. घर बंद असेल, हे तिने त्याला सांगितलं. नाशिकचा पत्ता दिला होता का, हे विचारायचं माझं राहूनच गेलं.